फाटलेला नकाशा पुन्हा कसा उभा राहतो? साखळीपासून संगणकापर्यंत

१/
पुण्याच्या पश्चिमेस, हिंजवडीला लागून, मुळशी तालुक्यातील माण हे गाव आहे. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा याच गावाच्या शिवारात वसला. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रो मार्गिकेचा डेपोही येथेच. कालच्या शेतांवर आज जे उभे आहे, ते प्रथम संगणकावरील आराखड्यात रेषारेषांनी उमटले होते.

२/
असा आराखडा जपणारी फाइलच बिघडली तर? बिघडलेल्या नकाशातून खरा नकाशा परत मिळवण्याचा हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. महाराष्ट्रातील जमीनमोजणीने त्याचे एक उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच दिले होते.

३/
शिवकाळात जमीन काठीने मोजली जाई. सभासदाच्या बखरीनुसार काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. क्षेत्राचा आकडा दप्तरात राही. शीव मात्र ओढा, झाड, दगड यांच्या खुणांवर आणि गावकऱ्यांच्या स्मरणावर टिके. वाद उठला की गोतसभा बसे आणि निर्णयाचा महजर होई.

४/
पेशवाई संपल्यावर, १८२७ च्या सुमारास, कंपनी सरकारचा अधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे भागात नवी पाहणी सुरू केली. मोजणी सदोष होती, आकारणीचे गणित किचकट आणि सारा जड. परिणामी अनेक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. कागदावरील चूक अशी थेट चुलीपर्यंत पोहोचली.

५/
१८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतले. शेत हे एकक, त्याला क्रमांक, हद्दीवर खुणा आणि तीस वर्षांसाठी स्थिर सारा अशी ही पद्धत होती. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले. ‘सर्व्हे नंबर’ हा शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात रुजला तो या पद्धतीतून.

६/
साधने अगदी साधी: काटकोन साधणारा शंकू आणि ३३ फुटांची साखळी. साखळीचे भाग सोळा, म्हणून त्यांना ‘आणे’ म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आजही गुंठ्यात बोलणारा माणूस नकळत त्या साखळीनेच मोजत असतो.

७/
या पद्धतीचे खरे सामर्थ्य नकाशात नव्हते, टिपणात होते. मोजणीदार शेतात एक आधाररेषा धरी, तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचे लंब मोजी आणि ते आकडे कच्च्या आकृतीवर लिहून ठेवी. गाव नकाशा त्यानंतर तयार होई. म्हणूनच नकाशा फाटला, भिजला, वाळवीने खाल्ला, तरी टिपण शाबूत असेल तर तोच नकाशा पुन्हा काढता येई. चित्र गेले तरी मोजमाप उरे.

८/
आता १९८२ हे वर्ष. कॅलिफोर्नियात जॉन वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटोडेस्क ही कंपनी काढली. माइक रिडल यांच्या ‘इंटरॅक्ट’ या आधीच्या आज्ञावलीवर उभे राहिलेले ऑटोकॅड त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाजारात आले. त्याच्या आराखड्यांची फाइल ‘डीडब्ल्यूजी’ या नावाने जगभर पसरली.

९/
ही फाइल म्हणजे चित्र नव्हे, एक वहीच आहे. प्रत्येक रेषेचे आरंभ आणि अंत यांचे आकडे, तिचा थर आणि तिचा स्वतंत्र क्रमांक तीत नोंदलेला असतो. कोणती नोंद फाइलमध्ये कोठे आहे, हे सांगणारी सूचीही असते. साठवताना वीज गेली किंवा डिस्कचा भाग खराब झाला, की कधी सूची तुटते, कधी नोंदी. सूची तुटली तर रेषा आत असूनही फाइल उघडत नाही.

१०/
दुरुस्तीचा पहिला मार्ग जुन्या प्रतीचा. फाइल साठवताना आधीची आवृत्ती ‘बॅक’ या विस्ताराने मागे ठेवली जाते. विस्तार बदलला की ती उघडते. दुसरा मार्ग आपोआप साठवलेल्या तात्पुरत्या प्रतीचा. दोन्ही नसतील तर ‘रिकव्हर’ ही आज्ञा बिघडलेली फाइल वाचून शक्य तेवढ्या नोंदी सोडवून घेते. फाइल उघडत असेल, पण आत दोष असतील, तर ‘ऑडिट’ नोंदी तपासते. टिपणावरून नकाशा काढण्याचेच हे काम आहे.

११/
मात्र येथे एक सावधगिरी हवी. ‘दोष दुरुस्त झाले’ या संदेशाचा अर्थ काही वेळा ‘दोष असलेली नोंद काढून टाकली’ असा असतो. थर हरवलेली रेषा ‘शून्य’ थरावर ठेवली जाते. वाचताच न येणारी रेषा पुसली जाते. फाइल उघडली म्हणजे आराखडा खरा ठरला, असे नव्हे.

१२/
महाराष्ट्रात हे दोन इतिहास भूमी अभिलेख विभागात एकत्र आले. जुने गाव नकाशे स्कॅन करून त्यांच्या रेषा संगणकात उतरवल्या गेल्या. पण जुना कागद आकसतो, ताणला जातो, घडीवर झिजतो. अशा नकाशावरून काढलेल्या रेषांची टोके जुळत नाहीत, आकृती बंद होत नाही, शेजारच्या दोन शेतांमध्ये फट पडते किंवा ती एकमेकांवर चढतात. संगणक ती टोके क्षणात जोडतो; ती नेमकी कोठे जोडायची, हे टिपण आणि जागेवरची हद्द यांनीच ठरवावे लागते.

१३/
माणसारख्या गावात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. भूसंपादनात मोबदला क्षेत्रावर ठरतो. जमिनीचा भाव चढला की बांधाची रुंदीही वादाला पुरते. चुकीच्या जागी जोडलेली एक रेषा एका घराचे गुंठे दुसऱ्याच्या नावावर नेऊ शकते.

१४/
आज साखळीच्या जागी उपग्रहाशी जोडलेला रोव्हर आला आहे, कागदाच्या जागी फाइल. इंदापूरच्या शेतात ठरलेला नियम मात्र बदललेला नाही. नकाशा दुरुस्त होतो तो त्यामागचे मोजमाप कोणीतरी वेगळे जपून ठेवलेले असते म्हणून. जे मोजलेच नाही किंवा ज्याची नोंद ठेवलीच नाही, ते कोणतीही आज्ञा परत आणू शकत नाही.