टीबी-३०३ : मूळ यंत्र आणि सॉफ्टवेअर प्रतिकृती

रोलँड या जपानी कंपनीचा १९८१ सालचा अ‍ॅनालॉग बास-सिंथेसायझर. १९८४ मध्ये उत्पादन थांबले. पण १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ गटाने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मधून त्याचा चिरका, पिळवटलेला स्वर गाजवला. त्याआधीच, १९८२ मध्ये, चरणजित सिंग यांनी मुंबईत याच यंत्रावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले होते. त्याचे श्रेय त्यांना फार उशिरा मिळाले. ‘रीबर्थ’ या सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये हा आवाज संगणकात आणला.

नक्कल अडते ती फिल्टरपाशी. मूळ मंडलात संकेत तत्क्षणी मागे फिरतो. संगणकाला मात्र नमुन्यामागून नमुना हिशेब करावा लागतो, म्हणून तिथे तो किंचित उशिरा परततो. शिवाय जोर दिलेले स्वर लागोपाठ आले, की संधारित्रात विद्युतभार साचत जातो आणि स्वर चढत्या तीव्रतेने उघडतात. प्रतिकृती पारखायची ती याच चढणीवर.