दिनविशेष : २६ ऑगस्ट
२०१४ : मुंबईतील कुलाब्याचे ज्यू केंद्र 'नरिमन हाऊस' आशियातील रब्बींच्या उपस्थितीत पुन्हा सुरू झाले. गॅव्हरिएल व रिव्का होल्ट्झबर्ग दांपत्य २००३ पासून येथे प्रार्थना, धार्मिक शिक्षण आणि प्रवाशांसाठी कोशर जेवणाची सोय पाहत असे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात दोघांसह सहा जणांचा येथे बळी गेला. होल्ट्झबर्ग दांपत्याचा दोन वर्षांचा मुलगा मोशे याला त्याची दाई सँड्रा सॅम्युअल यांनी वाचवले. जानेवारी २०१८ मध्ये मोशे इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांच्यासह येथे आला. मुंबईतील ज्यूंचा इतिहास मात्र याहून जुना आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवल्याने 'शनवार तेली' म्हणवले गेलेले मराठीभाषक बेने इस्रायली पुढे या शहरात आले. १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी येथील पहिले सिनेगॉग उभारले.