वजा एक वर्ष

तोफ उडते आणि तुम्ही दचकता. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. तेवढ्यात घंटाही सुरू होतात.

घाबरू नका, लढाई नाही. आज सोमवार, ४ जून १७६४. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज आज २६ वर्षांचे झाले आणि अख्ख्या लंडनला ते ऐकवायचं आहे.

तुम्ही उभे आहात ती सेंट मार्टिन्स लेनमधून आत शिरलेली अरुंद गल्ली, सेसिल कोर्ट. कोळशाचा धूर घशाशी येतो. घोड्यांच्या लिदीवर पाय पडू नये म्हणून तुम्ही खाली बघून चालता. समोर कझिन नावाच्या केशकर्तनकाराचं घर आहे. तिथे परदेशातून आलेलं चौघांचं कुटुंब भाड्यानं राहतं. साल्झबर्गचे वादक लिओपोल्ड मोझार्ट, पत्नी आना मारिया, मुलगी मारिया आना आणि मुलगा वोल्फगांग. मुलीला घरात नानर्ल म्हणतात. साल्झबर्ग सोडून त्यांना वर्ष होत आलं. पॅरिस करून ते एप्रिलमध्ये इथे पोचले आणि आठवडा व्हायच्या आत राजाराणीपुढे वाजवून आले. बक्षीस मिळालं २४ गिनी.

हातातला ‘पब्लिक ॲडव्हर्टायझर’ उलगडा. जाहिरात त्यांचीच आहे. उद्या, मंगळवारी दुपारी बारा वाजता, सेंट जेम्स पार्कजवळच्या स्प्रिंग गार्डनमधल्या मोठ्या दालनात मैफल. तिकीट अर्धी गिनी, मिळण्याचं ठिकाण हेच केशकर्तनकाराचं घर. वाजवणार दोन मुलं, निसर्गाचे चमत्कार: कुमारी मोझार्ट, वय ११ आणि मास्टर मोझार्ट, वय ७.

आता बोटं मोजा. वोल्फगांगचा जन्म २७ जानेवारी १७५६ चा, म्हणजे आठ पूर्ण, नववं चालू. नानर्ल ३० जुलै १७५१ ची, म्हणजे बारा पूर्ण, तेरावं चालू. दोघांच्याही वयातून एकेक वर्ष उडालेलं आहे.

तुम्हाला याचा फार धक्का बसत नाही. तुमच्या घरात मागच्या पिढीतलं कुणीतरी १ जूनला जन्मलेलं असणारच. निदान शाळेच्या दाखल्यावर तरी. नाव घालताना गुरुजींनी ती तारीख ठोकून दिली, कारण मुलाला पहिलीत बसवायचं होतं. तिथे सोय शाळेची पाहिली, इथे तिकीटविक्रीची. आठ वर्षांचा मुलगा हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखं वाद्य झकास वाजवतो हे नवल खरं, पण सात वर्षांचा वाजवतो म्हटलं की अर्धी गिनी खिशातून लवकर सुटते.

आणि आज ज्यांच्यासाठी तोफा उडताहेत त्यांची तारीख तरी कुठे पक्की होती? १७३८ साली ते जन्मले तेव्हा इंग्लंडात जुनं कॅलेंडर होतं आणि त्यात २४ मे उजाडला होता. १७५२ मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं सप्टेंबरातले ११ दिवस गाळले आणि राजपुत्राचा वाढदिवस ४ जूनवर येऊन थांबला. राजाची तारीख कायद्यानं सरकते, वादकाच्या मुलांचं वय जाहिरातीनं.

चला, पार्कात जाऊ. स्प्रिंग गार्डनच्या बाजूला गाई बांधलेल्या आहेत. बाया तिथल्या तिथे धार काढून कोमट दूध विकताहेत. थोडं घ्या. लंडनमध्ये याहून ताजं काही मिळायचं नाही. सेंट जेम्स राजवाड्याच्या दिशेनं बग्ग्यांची रांग लागली आहे. राजाच्या वाढदिवसाला दरबारात नवे कपडे घालून जायचं ही इथली रीत, म्हणून आज शिंपी खूश आणि रस्ता रेशमानं भरलेला.

याच पार्कात गेल्या महिन्यात मोझार्ट मंडळी फिरत होती. राजाची बग्गी आली. चौघांच्या अंगावर वेगळे कपडे होते, तरी राजानं ओळखलं, खिडकी उघडली, डोकं बाहेर काढलं आणि हसून हात हलवला. मान तुकवली ती खास वोल्फगांगला. लिओपोल्डनं हे सगळं साल्झबर्गच्या घरमालकाला पत्रानं कळवलंय, अर्थात गावभर वाचलं जावं म्हणूनच.

मैफलीला ५ जून का, याचं उत्तर समोरच्या रांगेत आहे. उन्हाळा लागला की उमराव आपापल्या गावच्या वाड्यांवर जातात आणि लंडन ओस पडतं. पण राजाच्या वाढदिवसाला सगळ्यांना परतावंच लागतं. लिओपोल्डनं हे हेरलं आणि दुसऱ्या दिवशीची दुपार धरली. दुसऱ्याच्या वाढदिवसाला आलेले पाहुणे त्याला आयते मिळाले.

रात्री दिव्यांची रोषणाई बघून घ्या. उद्या लवकर उठायचं आहे.

मंगळवार, दुपारचे बारा. दालनात दोनेकशे माणसं आहेत, परदेशी राजदूत आणि लंडनमधली बडी घराणी. व्हायोलिनवर बार्थेलमों, चेलोवर चिरी. मधे दोन हार्पसिकॉर्ड. लिओपोल्डच्या डोक्यात हिशेब चालू आहे: दालनाचं भाडं ५ गिनी, प्रत्येक हार्पसिकॉर्डची अर्धी, प्रत्येक गाणाऱ्याचे पाच-सहा, पहिल्या व्हायोलिनचे तीन. मग मुलं बसतात. तुम्ही आधी छोट्याकडे बघता, कारण सगळेच तिकडे बघताहेत. थोड्या वेळानं नजर दुसऱ्या हार्पसिकॉर्डकडे वळवा. नानर्लची बोटं तितक्याच वेगानं, तितकीच स्वच्छ चालताहेत. या प्रवासात तिनं युरोपातल्या नाणावलेल्या वादकांच्या पंक्तीत बसावं असं वाजवलंय, हे तिच्या बापानंच लिहून ठेवलंय. पण जाहिरातीत नवलाची बहुतेक विशेषणं भावाच्या वाट्याला आली आहेत.

तीन तासांत १०० गिनी जमतात. बहुतेक वादक मानधन घेत नाहीत, त्यामुळे खर्च २० गिनींवरच आटोपतो. लिओपोल्डची छाती आज भरून आली असणार.

आता राजाच्या वाढदिवसापासून बरोबर आठ आठवडे पुढे. सोमवार, ३० जुलै. नानर्ल आज तेरा पूर्ण.

गल्ली तीच, पण तोफ नाही, घंटा नाही. साल्झबर्गच्या कॅथलिक घरांत जन्मतारखेपेक्षा आपल्या नावाच्या संताचा दिवस मोठा. तो सेंट ॲनचा दिवस, मायलेकींचा एकच, चार दिवसांपूर्वी होऊन गेला. शिवाय घरात आजारपण आहे. ८ जुलैला एका लॉर्डकडे वाजवायला जाताना मुलं पालखीवजा खुर्चीत होती आणि लिओपोल्ड मागून भरभर चालत गेला. घाम आला, संध्याकाळी उघड्या खिडक्यांतून गार वारा लागला, आणि तेव्हापासून तो अंथरुणाला खिळलाय. तुम्हाला दारात जाऊन ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ म्हणावंसं वाटतं. म्हणू नका. तेरा हा आकडा या घरात सध्या मोठ्यानं उच्चारायचा नाही.

आठवडाभरानं मंडळी मोकळ्या हवेसाठी चेल्सीला जातात. आजाऱ्याला त्रास नको म्हणून वाद्याला हात लावायचा नाही असं ठरतं. मग वोल्फगांग कागद ओढतो आणि सिंफनी लिहायला बसतो. नानर्ल शेजारी बसून नक्कल उतरवते. मधेच तो तिला बजावतो, हॉर्नला काहीतरी चांगलं काम द्यायचंय, आठवण कर. हे तिनंच पुढे, भाऊ गेल्यावर सांगितलं.

लंडन मात्र ती मनापासून बघते. तिच्या प्रवासवहीत डोकावा. पार्क, हत्तीचं पिल्लू, आणि एक गाढव, पांढऱ्या आणि कॉफीच्या रंगाच्या पट्ट्यांचं. पट्टे इतके सारखे की चित्रातही याहून नीट जमणार नाहीत. तो राणी शार्लटचा झेब्रा. ब्रिटिश म्युझियमही वहीत आहे. ते उघडून जेमतेम सहा वर्षं झालीत. जुलै १७६५ मध्ये वोल्फगांगची एक छोटी रचना भेट म्हणून तिथे ठेवली जाते आणि आभाराचं पत्र येतं.

त्याच महिन्यात कॉर्नहिलला चला. ‘स्वान अँड हार्प’ हे मद्यगृह. रोज बारा ते तीन, माणशी अडीच शिलिंग. वर्षापूर्वी तिकीट अर्ध्या गिनीचं, म्हणजे साडेदहा शिलिंगांचं होतं. आता भावंडं एकाच हार्पसिकॉर्डवर चार हातांनी वाजवतात, तेही पट्ट्यांवर रुमाल टाकून. जाहिरातीत मुलगा आठ वर्षांचा आहे. खरं तर त्याला साडेनऊ होत आली. लंडनला नवलाची सवय झाली की वजाबाकीही पुरेनाशी होते.

पण कुणीतरी मोजतंय. डेन्स बॅरिंग्टन हे कायदेपंडित जूनमध्ये परीक्षा घेऊन गेले. न पाहिलेली रचना समोर ठेवली, ती मुलानं वाजवली. तेवढ्यात मांजर आलं. मुलगा वाद्य सोडून त्याच्यामागे गेला आणि बराच वेळ परतलाच नाही. तरीही वयाची शंका जाईना. त्यांनी साल्झबर्गहून बाप्तिस्म्याचा दाखला मागवला. जानेवारी १७६९ चा तो दाखला हाती आला, तेव्हा कुठे त्यांनी रॉयल सोसायटीला आपला अहवाल पाठवला. मुलगा बराच मोठा असेल हा संशय फिटला.

त्याच वर्षी डिसेंबरात लिओपोल्ड वोल्फगांगला घेऊन इटलीला निघाला. नानर्ल अठरा वर्षांची झाली होती. ती आईबरोबर घरी राहिली. त्यानंतर असे दौरे तिच्या वाट्याला आले नाहीत. पुढे ती साल्झबर्गमध्ये मुलांना वाद्य शिकवायची.

तुम्ही परत निघण्याआधी हिशेब पुरा करा. मुलाचं खरं वय कळलं तरी त्याचं काही बिघडलं नाही, उलट विद्वानांची मोहोर मिळाली. तो वाढला तसा चमत्काराचा संगीतकार झाला. मुलगी वाढली तशी लग्नाची झाली. बापानं दोघांचंही एकच वर्ष कापलं होतं. तिची खरी अडचण त्या वर्षाची नव्हतीच. तिला पंधरा, अठरा, वीस वर्षांची होऊनही वाजवत राहायचं होतं, आणि तशा बाईसाठी त्या घराकडे जाहिरात तयार नव्हती.