शिकागोच्या ‘विलिस वॅगन’: चाकांवरचे वर्ग आणि दोन लाख मुलांची दांडी

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं की ते कंटेनरसारखे रेडिमेड वर्ग असतात ना, ट्रकवरून आणून मैदानात ठेवतात ते, त्यांचाही काही इतिहास आहे का? आहे, आणि चांगला झणझणीत आहे. तो ऐकायला १९६० च्या दशकातल्या शिकागोला जावं लागेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांचं जगणं इतकं अवघड होतं की लाखो कुटुंबं उत्तरेच्या शहरांकडे निघाली. शिकागोतली काळ्या लोकांची संख्या १९४० मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास होती, ती १९६० पर्यंत आठ लाखांच्या वर गेली. माणसं तिपटीने वाढली, पण त्यांना राहायला दिलेला भाग काही तिपटीने वाढला नाही. गोऱ्या वस्तीत त्यांना घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, असे करारच घरमालक करायचे. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असे करार राबवायला मनाई केली, तरी प्रत्यक्षात फारसा फरक पडला नाही. त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम भागातल्या ठरावीक वस्त्यांत माणसं दाटीने राहत होती.

साहजिकच तिथल्या शाळा फुटायला आल्या. एका वर्गात चाळीस-पन्नास पोरं. तेवढ्यानेही भागेना, म्हणून दोन पाळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे सकाळची शाळा, दुपारची शाळा हे काही नवीन नाही, मुंबई-पुण्यात निम्म्या लोकांनी ते पाहिलंय. पण तिथे गोऱ्या मुलांना पूर्ण दिवस शाळा होती आणि काळ्या वस्तीतल्या हजारो मुलांना अर्धाच दिवस. एकाच शहरात, एकाच शाळा मंडळाच्या कारभारात.

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस येतो. बेंजामिन विलिस. १९५३ पासून शिकागोच्या सगळ्या सरकारी शाळांचा प्रमुख. कामाला वाघ. त्याने शाळांच्या इमारती इतक्या बांधल्या की लोक त्याला ‘बांधणारा बेन’ म्हणायचे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण हा माणूस आळशी किंवा नालायक नव्हता. जागा कमी पडतेय हे त्याला दिसत होतं, आणि दोन पाळ्या बंद करायच्या म्हणून त्याने एक झटपट उपाय काढला. अॅल्युमिनियमचे फिरते वर्ग. साधारण २० फूट रुंद आणि ३६ फूट लांब. कारखान्यात बनवायचे, ओढत आणायचे, शाळेच्या मैदानात नाहीतर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभे करायचे. पाया खणायला नको, वर्षभर थांबायला नको. कागदावर बघितलं तर उत्तम आयडिया.

मग लोक का भडकले?

कारण शहरात वर्ग रिकामे होते. थोड्या अंतरावरच्या गोऱ्या वस्त्यांमधल्या शाळांत बाकं मोकळी पडली होती. तिथली कुटुंबं उपनगरांत चालली होती, मुलं कमी होत होती. म्हणजे गर्दीतली मुलं तिकडे पाठवली असती, तर निदान काही ठिकाणी तरी नवीन खोलीची गरजच नव्हती. विलिसचं उत्तर ठरलेलं: मूल जिथे राहतं तिथल्याच शाळेत जाईल, हा नियम आहे, आणि नियम सगळ्यांना सारखा. आता वस्त्याच वेगळ्या ठेवल्यावर हा नियम कुणाच्या फायद्याचा, ते तुम्हीच बघा. मुलांना हलू द्यायचं नव्हतं म्हणून खोल्यांना चाकं लावली, हे माझं मत.

आईबापांनी आधी साधेसरळ मार्ग वापरून बघितले. १९६१ मध्ये मुलांना घेऊन गोऱ्या वस्तीतल्या शाळांत नाव घालायला गेले, नकार मिळाला. त्याच वर्षी कोर्टात केस टाकली. पुढच्या वर्षी काही आयांनी तर कमालच केली. रिकामे वर्ग खरंच आहेत का, हे स्वतः शाळांत शिरून मोजायला निघाल्या. शाळा मंडळ आकडे नीट देत नव्हतं, म्हणून. त्यांना अटक झाली. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. डेटा मिळत नाही म्हणून स्वतः जाऊन बाकं मोजणाऱ्या आया!

या ट्रेलरना ‘विलिस वॅगन’ हे नाव दिलं त्याचं श्रेय एंगलवूड भागातल्या रोझी सिम्पसन या आईला दिलं जातं. नाव असं चिकटलं की सरकारी नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

१९६३ च्या उन्हाळ्यात ठिणगी पडली. एंगलवूडमध्ये ७३ वा रस्ता आणि लोव्ह अव्हेन्यू जिथे मिळतात, तिथे रेल्वे रुळांना लागून असलेल्या मोकळ्या जागेत अशा वॅगन मांडून शाळाच उभी करायचं ठरलं. रुळांशेजारी लहान मुलांची शाळा! लोक बुलडोझरसमोर आडवे झाले, काहींनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. पोलिसांनी उचलून उचलून गाडीत टाकलं. त्यात शिकागो विद्यापीठातला २१ वर्षांचा एक पोरगाही होता. त्याला २५ डॉलर दंड झाला. नाव बर्नी सँडर्स. हो, तोच, पुढे राष्ट्राध्यक्षपदासाठी लढलेला. पोलीस त्याला ओढून नेतायत तो फोटो २०१६ च्या निवडणुकीत जुन्या पेट्यांतून बाहेर आला आणि तुमच्यापैकी कित्येकांनी तो फॉरवर्डही केला असेल, मागची गोष्ट माहीत नसताना.

ऑक्टोबरमध्ये विलिसने राजीनामा दिला. काही विद्यार्थ्यांना बदलीची परवानगी देण्यावरून त्याचं आणि मंडळाचं फाटलं होतं. पण मंडळाने राजीनामा घेतलाच नाही, उलट त्याची मनधरणी केली. आता मात्र लोकांचा संयम संपला.

२२ ऑक्टोबर १९६३, मंगळवार. त्या दिवशी शिकागोत दोन लाखांहून जास्त मुलं शाळेत गेली नाहीत. शहरातली जवळपास निम्मी! त्यातली बरीच मुलं चर्चमध्ये भरवलेल्या ‘स्वातंत्र्य शाळां’मध्ये गेली, तिथे त्यांना काळ्या लोकांचा इतिहास आणि नागरी हक्क शिकवले. दुपारी हजारो लोकांचा मोर्चा शहराच्या मुख्य कचेरीवर आणि शाळा मंडळावर गेला. हातात फलक, मागणी एकच: विलिस हटाव. त्या दिवशी चित्रित केलेलं फुटेज वापरून ‘’६३ बॉयकॉट’ नावाची छोटी डॉक्युमेंटरी निघाली आहे, जमलं तर बघा. मुलांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. दांडी मारल्याचा आनंद आणि आपण काहीतरी मोठं करतोय याची जाणीव, दोन्ही एकाच वेळी दिसतं.

लगेच काही बदललं का? नाही. फेब्रुवारी १९६४ मध्ये पुन्हा बहिष्कार झाला. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ फिलिप हाउजर यांच्या समितीने शाळा वेगवेगळ्या झाल्या आहेत असं लिहून दिलं. विलिस तरी हलला नाही. १९६५ च्या उन्हाळ्यात आंदोलक रोज मोर्चे काढायचे, थेट मेयर डेली यांच्या घरावर. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग स्वतः शिकागोत राहायला आले, त्यामागे या शाळांच्या लढ्याने तयार केलेली संघटनेची जमीन होती. त्याच वर्षी विलिस पायउतार झाला. शाळांमधल्या विभाजनाबद्दल केंद्र सरकार आणि शाळा मंडळ यांच्यात कोर्टात समझोता झाला तो १९८० मध्ये. म्हणजे वॅगनच्या वर्गात पहिलीत बसलेलं मूल तोवर पंचविशीच्या आसपास पोचलेलं होतं.

आणि २०१३ मध्ये याच शिकागोने एका झटक्यात पन्नासच्या आसपास शाळा बंद केल्या. बहुतेक काळ्या वस्त्यांमधल्या. कारण काय दिलं होतं माहितेय? वर्ग रिकामे आहेत.