पुंगळीच्या तळातलं छिद्र

अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसं घरी भरायला शिकणाऱ्याचं पहिलं काम भरण्याचं नसतंच, उपसण्याचं असतं. गॅरेजातल्या बाकाला घट्ट आवळलेल्या प्रेसमध्ये तो उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ठेवतो आणि दांडा ओढतो. एक बारीक पिन पुंगळीच्या तोंडातून आत शिरते आणि तळाशी बसलेला जळका प्राइमर, म्हणजे दारूला ठिणगी देणारी टोपी, खाली ढकलून देते. नवशिक्याला यात काही विशेष वाटत नाही. पण पिन आरपार जाते ती पुंगळीच्या तळाला बरोबर मध्यावर एकच छिद्र असतं म्हणून. त्याऐवजी बाजूबाजूला दोन बारीक छिद्रं असती, तर हा घरगुती छंद एवढा फोफावलाच नसता, असं मला वाटतं.

घरी बार भरणं ही तशी जुनीच गोष्ट. कोकणात डुकरांपासून शेत राखणाऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंधी, छर्रे सगळं ज्याचं त्यानेच गजाने ठासायचं असतं. १८५७ मुळे आपल्या स्मरणात राहिलेलं काडतूसही खरं तर कागदाची पुडीच होती. दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी मागोमाग सारायची. ठिणगी देणारी तांब्याची टोपी वेगळी, ती बंदुकीच्या कानावर बसवायची.

या टोपीचा मूळपुरुष एक पाद्री. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे अलेक्झांडर फॉर्साइथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी कानाशी भडका उडे आणि बार नंतर सुटे; तेवढ्या वेळात पक्षी सावध होत. फॉर्साइथनी ठोका बसताच पेटणारं रसायन वापरलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढची साठ वर्षं बंदूक बनवणाऱ्यांपुढे प्रश्न एकच होता: टोपी, दारू आणि गोळी एकाच नगात कशी कोंबायची? फ्रान्समध्ये लफोशोंनी पुंगळीच्या बाजूने खिळा काढून पाहिला, फ्लोबेरनी रसायन पुंगळीच्या काठात भरलं. ठोका बसला की काठ चेपायचा, त्यामुळे ती पुंगळी पुन्हा वापरण्याचा प्रश्नच नव्हता.

उत्तर आलं १८६६ मध्ये, आणि एकाच वर्षी दोन आली. अमेरिकन यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचं नेतृत्व केलेले हायरम बर्डन आणि वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर, या दोघांनी प्राइमरची स्वतंत्र वाटी पुंगळीच्या बुडात बसवली. रसायन पेटायचं तर ते ठोका आणि ऐरण यांच्यामध्ये चेंगरलं पाहिजे. बर्डननी ही ऐरण पुंगळीच्याच तळात घडवली, म्हणून ज्योत जायला तिच्या दोन्ही बाजूंना छिद्रं ठेवावी लागली. बॉक्सरनी ऐरण प्राइमरच्या वाटीतच बसवली. तळाचा मध्य मोकळा राहिला आणि तिथे एक छिद्र पुरलं. कारखानदाराला बर्डनचा प्राइमर करायला सोपा. पुंगळी पुन्हा भरणाऱ्याला मात्र बॉक्सरचीच हवी.

पुढे गंमत अशी झाली, की अमेरिकन माणसाची युक्ती युरोपने आणि रशियाने उचलली आणि इंग्रज अधिकाऱ्याची अमेरिकेत रुजली. बॉक्सरना अमेरिकन पेटंट १८६९ मध्ये मिळालं. आपला खडकीचा दारूगोळा कारखानाही त्याच सालचा. मात्र आपल्याकडे काडतूस बनवणं बराच काळ सरकारच्या मुठीत राहिलं; परवान्याशिवाय ते करणं आजही शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

अमेरिकेच्या माळरानावर गोष्ट वेगळी होती. १८७०च्या दशकात गव्यांच्या मागे फिरणारे शिकारी दारू, शिसं आणि प्राइमर गाडीत घालून नेत, शेकोटीवर शिसं वितळवून गोळ्या ओतत आणि रात्री त्याच पुंगळ्या पुन्हा भरत. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये न्यू हेवन इथे ‘आयडियल’ कंपनी काढली. तिचं हत्यार दिसायला अडकित्त्यासारखं: दोन दांडे, मध्ये पुंगळी, हाताने दाबायचं. बाकाची गरजच नाही.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूर न करणारी दारू बनवली आणि या घरगुती कामात पहिल्यांदा खरी भीती शिरली. काळ्या दारूचा हिशेब सोपा असे: पुंगळी भरली की माप झालं. नवी दारू कितीतरी जोरकस, थोडीशीच लागणारी. आता डोळ्यांच्या अंदाजाने भागेना. तराजू आला, तक्त्यांची पुस्तकं आली.

नवशिक्याच्या बाकावर हा बदल आजही दिसतो. पॉइंट ३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस १८९८ मधलं, सुरुवातीला काळ्या दारूसाठीच आखलेलं. म्हणून त्याची पुंगळी लांब. आजची चिमूटभर दारू तिच्या तळाशी पडून राहते आणि चुकून दोनदा पडली तरी वरून सांडत नाही. अशी दुप्पट भरलेली काडतुसं रिव्हॉल्व्हर फोडतात. १९०२ सालच्या नऊ मिलिमीटरच्या काडतुसाचा जन्म नव्या दारूच्या काळातला, म्हणून ते आखूड, आतली जागा बेताची. नवख्याला भरलेल्या पुंगळ्या ओळीने उभ्या करून प्रत्येकीत उजेड पाडून बघायला शिकवतात. ही खबरदारी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लांबीपायी घ्यावी लागते, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

छंद म्हणून याचा खरा बहर दुसऱ्या महायुद्धातला आणि त्यानंतरचा. युद्धात सामान्य माणसाला गोळ्या मिळेनात. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्या दाबून घडवण्याचे साचे केले; त्यातून १९४३ मध्ये ‘आरसीबीएस’ ही कंपनी उभी राहिली. युद्ध संपल्यावर कॅन्ससमध्ये ब्रूस हॉजडन यांनी सैन्याकडे उरलेली दारू स्वस्तात उचलून टपालाने विकायला काढली. विस्कॉन्सिनमध्ये रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात मावणारा संच आणला, आधी छर्ऱ्यांच्या काडतुसांसाठी आणि मग रायफल-पिस्तुलांसाठी. त्यात प्रेस नाही, हातोडीने ठोकायचं. कारखान्यातल्या कामगाराच्या खिशालाही हा छंद परवडू लागला तो ली यांच्यामुळे, आणि मला वाटतं या कथेत त्यांना द्यावं तेवढं श्रेय कुणी देत नाही.

पिस्तुलाची पुंगळी बहुधा सरळ, बाटलीसारखा गळा नसलेली. ती दाबून पुन्हा मापात आणायला कार्बाइडचा साचा वापरला तर तिला तेलही लावावं लागत नाही. म्हणून बहुतेक जण पिस्तुलापासूनच सुरुवात करतात. पण गोळीबाराच्या मैदानावरून वेचून आणलेल्या पुंगळ्यांत एखादी बर्डनची निघते. बाहेरून फरक कळत नाही. दांडा ओढला की पिन मधल्या ऐरणीवर आदळते आणि वाकते किंवा मोडते. आत बॅटरीचा प्रकाश टाकून एक छिद्र की दोन हे मोजायची सवय बहुतेकांना त्यानंतरच लागते.

पुंगळी अनेकदा वापरता येते, गोळी घरी ओतता येते. प्राइमर मात्र फॉर्साइथपासून आजवर रसायनाचं काम राहिलं आहे, बाकावर होणारं नव्हे. तो विकतच आणावा लागतो. २०२० मध्ये कोविडची साथ आली, बंदुकांची विक्री वाढली आणि अमेरिकेतल्या दुकानांतून प्राइमर गायब झाले. बादल्या भरभरून पितळ जमवलेले लोकही मग हात बांधून बसले, कारण कारखाने प्राइमर आधी आपल्याच नव्या काडतुसांत बसवत होते.