साडेचार फुटांवरचा इतिहास

बुलढाण्याहून खामगावला निघालो की बोथ्याचे जंगल लागते. दोन्ही बाजूंना साग, सालई, धावडा, अंजन दिसू लागतात. ‘पूर्वी इथे ऊन जमिनीला टेकत नव्हते,’ हे वाक्य या रस्त्यावरच्या एसटीत मी कितीदा ऐकले, त्याची गणती नाही. स्थानिक इतिहासावर लिहिताना मी स्वतःही ते वापरले. पुढे शंका आली : पूर्वी म्हणजे केव्हा, आणि दाट म्हणजे किती? एखाद्या गढीबद्दल अशी शंका आली तर आपण दफ्तरे उघडतो. जंगलाचे दफ्तर म्हणजे झाडांच्या मोजणीच्या नोंदी. त्या कोणी, कशासाठी आणि कशा घेतल्या, हे समजल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत.

वऱ्हाड १८५३च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६७ मध्ये मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव चढवले होते. खामगावची बाजारपेठ त्यावर वाढली. कापसाखाली जमीन गेली, आणि लाकडाची मागणीही वाढली. रुळांखाली स्लीपर हवे, गाड्यांना आस हवे, चुलींना जळण हवे. जंगल पुरेल किती, हा प्रश्न सरकारला याच काळात पडला. १८८६ मध्ये वऱ्हाडसाठी वेगळा वन कायदा झाला. राखीव जंगलाचे लाकूड-जळणाचे, गवताचे आणि चराईचे असे वर्ग पडले. आपल्याकडचा ‘रमणा’ हा शब्द त्यातल्या गवताच्या वर्गाला लागला.

मोजणीची रीत मात्र ब्रह्मदेशातून आली. डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ मध्ये तिथल्या पेगू प्रांतात सागवनांच्या कामावर रुजू झाला. हत्तीवरून जाताना डाव्या हातात चार काठ्या आणि उजव्या हातात चाकू घेऊन तो साग मोजत असे. झाड ज्या वर्गातले, त्या काठीवर एक खाच. पावसात कागद टिकत नाही, खाच टिकते. ही हकीकत त्याचा अमेरिकी शिष्य गिफर्ड पिंचो याने लिहून ठेवली आहे. सहा फूट आणि त्याहून जास्त गोलाईचा साग पहिल्या वर्गात, साडेचार ते सहा फुटांचा दुसऱ्यात, दीड ते साडेचारचा तिसऱ्यात आणि त्याखालची सगळी रोपे चौथ्यात. दुसऱ्या वर्गातली जितकी झाडे वाढून पहिल्यात येतील, तितकीच पहिल्यातली तोडायची, असा त्याचा हिशेब होता. १८६४ मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला आणि हा विचार देशभर गेला.

म्हणजे मोजपट्टी जंगलात आली ती ‘झाड तोडायचे केव्हा’ हे विचारायला. लाकूड विकतानाही गोलाईच कामी येई. गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. एडवर्ड हॉपस या इंग्रजाने १७३६ मध्ये या पद्धतीची कोष्टके छापली होती. भूमितीने तपासले तर या रीतीत शंभर घनफूट लाकूड साडेअठ्ठ्याहत्तर भरते. उरलेली सूट करवतीत वाया जाणाऱ्या लाकडाची.

आपल्या देशात झाड मोजण्याची उंची साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर ठरली. तिला छातीची उंची म्हणतात. या शब्दाने मला चांगलेच फसवले. बुलढाण्याबाहेर एका मित्राच्या पडीक रानात मी काही झाडे मोजून वहीत लिहिली होती. काही वर्षांनी पुन्हा मोजली, तर बरीच झाडे बारीक झालेली! पाऊस आणि वाढ खुंटल्याबद्दल लेख लिहायला बसलो, पण त्याआधी वही नीट वाचली. पहिल्या वेळी टेप धरणारा मुलगा माझ्यापेक्षा वीतभर बुटका होता. त्याने त्याच्या छातीशी टेप लावला, दुसऱ्या वेळी मी माझ्या. खोड वर निमुळते होत जाते. शिवाय पहिली मोजणी दिवाळीनंतरची, दुसरी मे महिन्यातली. उन्हाळ्यात खोडातले पाणी कमी होऊन ते किंचित आकसते. चूक झाडांची नव्हती. तेव्हापासून १३७ सेंटिमीटरची काठी सोबत असते. उतारावर ती वरच्या बाजूने उभी करायची, आणि खोड या उंचीच्या खालीच दुभंगले असेल तर दोन झाडे धरायची.

आज देशपातळीवर हे काम भारतीय वन सर्वेक्षण करते. ही संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली; तिच्या आधीचे सर्वेक्षण १९६५ पासूनचे. तिचा नमुना-चौकोन पूर्वी ०.१ हेक्टरचा, म्हणजे सुमारे दहा गुंठ्यांचा असे. नमुन्यात १० सेंटिमीटर व त्याहून अधिक व्यासाची झाडे मोजतात, म्हणजे साधारण साडेएकतीस सेंटिमीटर गोलाईपासून पुढची. लहान रोपांसाठी आत छोटे चौकोन आखतात. या व्यासांवरून आता लाकडाबरोबर कार्बनचाही अंदाज काढतात. पट्टी तीच, प्रश्न बदलला.

इतिहास वाचणाऱ्याने सर्वात जपायचे ते इथे. दहा सेंटिमीटरच्या रेषेवर उभे राहून पाहिले, तर जुनी झाडे जाडजूड होत असताना जंगल सुधारतेय असे वाटेल. त्याच वेळी वणवा आणि चराई यांनी गुडघ्याएवढी रोपे संपत असतील, तर ती मोठ्या झाडांच्या सरासरीत दिसणार नाहीत. उलट लहान झाडे मेली की सरासरी जाडी वाढलेली दिसते! तमिळनाडूतील मुदुमलाईत १९८८ मध्ये ५० हेक्टरचा कायमचा चौकोन आखला, तिथे एक सेंटिमीटर व्यासापासून मोजतात. आगी आणि हत्ती यांनी लहान झाडे किती जातात, हे तिथे कळले ते त्यामुळेच. ब्रँडिसला लाकूड हवे होते, तरी चौथी काठी त्याने रोपांसाठी ठेवली होती.

बोथ्याचे जंगल १९९७ पासून ज्ञानगंगा अभयारण्यात आहे. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालून इथे आला, तेव्हा त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याचा माग जगाला कळला. ज्या अंजनाखाली तो विसावला असेल, त्याच्या शेजारी नवे अंजन उगवतेय का, हे कोणत्याही कॉलरने कळत नाही. त्यासाठी वाकावे लागते.

त्यामुळे ‘पूर्वी ऊन टेकत नव्हते’ हे वाक्य मी आता सोडले आहे. त्यात खोटे काही नसेल, पण ते पुढच्या माणसाला तपासता येत नाही. मित्राच्या रानातल्या वहीत आता तारीख, उंची, झाडाचे नाव, गोलाई आणि टेप कोणी धरला हे लिहितो. शेवटच्या रकान्यात गुडघ्याखालची रोपे. गेल्या वेळी तो रकाना भरायलाच सर्वात जास्त वेळ लागला, कारण गवतात शोधावे लागत होते. या दिवाळीनंतर पुन्हा जायचे आहे, त्याच काठीने.