छत्रीधारी मराठे आणि त्यांचे दिवंगत सोबती

नागपूरच्या गांधीबागेंत कापडाचा मोठा ठोक बाजार आहे. तेथें वाण, पन्हा आणि पोत पाहून कापडाची पारख होते. युद्धाच्या इतिहासांत मात्र कापडाची आणखी एक पारख आहे, आणि ती आकाशांत होते. विमानाच्या दारांतून उडी टाकणाऱ्या शिपायाचा प्राण ज्या छत्रीवर अवलंबून असतो, ती छत्री म्हणजे अखेर कांहीं वार कापडच. १९४१ सालीं कानपूरला अशा छत्र्यांचा सरकारी कारखाना निघाला. पुढें ब्रह्मदेशाच्या मोहिमेंत रेशमाची टंचाई पडली, तेव्हां रसद टाकण्यासाठीं कलकत्त्याकडील गिरण्यांतून तागाच्या छत्र्या करवून घेण्यांत आल्या. रेशमी छत्रीला वीस पौंडांहून अधिक खर्च येई. तागाची छत्री पौंडाच्या आसपास पडे.

छत्रीची दोरी विमानांतील तारेला अडकविलेली असते. तांबडा दिवा जाऊन हिरवा लागला कीं रांगेंतील प्रत्येक जण पाठोपाठ बाहेर पडतो, त्याच्या भारानें दोरी ताणली जाते आणि छत्री आपोआप उघडते. उडीपूर्वीं प्रत्येकानें आपल्या पुढच्या सोबत्याच्या पाठीवरील छत्री नीट आहे ना, हें पाहावयाचें, असा रिवाज आहे. स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाहीं. म्हणूनच या पेशांत सोबती या शब्दाला वेगळें वजन आहे, आणि म्हणूनच निवृत्त छत्रीधारी एकत्र जमले म्हणजे पराक्रमाच्या गोष्टींपेक्षां परत न आलेल्यांचीं नांवें अधिक वेळां निघतात.

हिंदी सैन्यांत या शाखेचा आरंभ ऑक्टोबर १९४१ मध्यें दिल्ली येथें झाला. ५० वी पॅराशूट ब्रिगेड उभारण्यांत आली. तिच्यांत एक ब्रिटिश, एक हिंदी व एक गुरखा अशा तीन पलटणी होत्या. लेफ्टनंट रंगराज हे डॉक्टर आणि हवालदार-मेजर मथुरासिंग हे छत्रीनें उतरणारे पहिले हिंदी सैनिक होत. परंतु या ब्रिगेडची खरी कसोटी लागली ती आकाशांत नव्हे, तर मणिपूरच्या एका डोंगरमाथ्यावर.

मार्च १९४४ मध्यें जपानी सेना चिंडविन नदी ओलांडून इंफाळ व कोहिमा यांवर चालून आली. त्या वेळीं ब्रिगेडच्या १५२ व्या हिंदी व १५३ व्या गुरखा या दोन पलटणी त्याच मुलखांत जंगलयुद्धाचें शिक्षण घेत होत्या. एवढें मोठें सैन्य या वाटेनें येईल अशी कल्पना वरिष्ठांना नव्हती. १९ मार्चला ७३७८ क्रमांकाच्या टेकडीवर १५२ व्या पलटणीची एक कंपनी शत्रूच्या पहिल्या लोंढ्यांत सांपडली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती जवळजवळ नाहींशी झाली होती. सुमारे १७० जणांपैकीं जेमतेम वीसेक वांचले.

उरलेल्यांनीं उखरूलच्या दक्षिणेस संगशाक या नागा गांवीं मोर्चा धरला. त्यांच्याबरोबर चौथी मराठा पलटण होती. हे मराठे छत्रीधारी नव्हते. दुसऱ्या ब्रिगेडमधून येऊन ते या हुकमतीखालीं लढत होते. परंतु पुढील दिवसांत हा भेद कोणीं मानला नाहीं. माथ्यावर एक ख्रिस्ती देवालय होतें, पाण्याचा झरा नव्हता, कांटेरी तार नव्हती, आणि तीन फुटांखालीं खडक लागे; त्यामुळें खंदक खोल होत ना. विमानें रसद टाकीत, पण जागा इतकी अरुंद होती कीं बहुतेक छत्र्या शत्रूच्या हद्दींत पडत. छत्रीवर विश्वास ठेवावयास शिकलेल्या माणसांनीं आपलेंच पाणी व आपलाच दारूगोळा शत्रूच्या हातीं उतरतांना पाहावा, यापरतें दैवदुर्विलसित कोणतें?

२२ ते २६ मार्च असे पांच दिवस लढाई झाली. शेवटच्या दिवशीं देवालयाभोंवतीं हातघाईची झुंज होऊन तें कित्येकदां या हातचें त्या हातीं गेलें. संध्याकाळीं बिनतारी संदेश आला कीं वाट काढून बाहेर पडा. चालूं शकत होते ते अंधारांत निघाले. ज्या जखमींना हलवितां येईना त्यांना मागें ठेवावें लागलें. या पक्षाची हानि सुमारे सहाशेंची होती. जे वांचले त्यांना उरलेल्या आयुष्यांत सर्वांत जड गेला असेल तर तो हा निरोपच.

प्रथम संगशाक हा पराभव गणला गेला. ठाणें पडलें, जखमी मागें राहिले, ब्रिगेडचा प्रमुख इस्पितळांत दाखल झाला. एवढ्यावरून पलटणींवर ठपका ठेवणारे निघाले. परंतु जपानी सेनापति मियाझाकी याचें दल कोहिमाकडे निघालें होतें, आणि संगशाक घेण्याच्या हट्टानें त्याचे मोलाचे दिवस व शेंकडों माणसें तेथें खर्ची पडलीं. एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ सांपडलेला चढाईचा नकाशाही शत्रूच्या वेढ्यांतून इंफाळला पोंचविण्यांत आला. कोहिमाचा वेढा एप्रिलच्या आरंभीं पडला, आणि त्या अवधींत तेथें कुमक येऊं शकली. ऑगस्ट १९४४ मध्यें सेनापति स्लिम यांनीं विशेष आज्ञापत्र काढून या ब्रिगेडनें पहिला आघात झेलला व इंफाळच्या रक्षणास अवश्य असलेला वेळ मिळवून दिला, असें मान्य केलें. पण तें वाचावयास ज्यांनीं असावयाचें ते बहुतेक डोंगरावरच राहिले होते.

त्याच वर्षीं १० जुलैला इटलींत तिसऱ्या मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे एकट्यानें मशीनगनचें ठाणें जिंकून धारातीर्थीं पडला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी झाला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील या वीराची कबर कोठेंही नाहीं. कॅसिनोच्या स्मारकावर नांव तेवढें आहे. महायुद्ध संपल्यावर ही तिसरी मराठा पलटण छत्रीधारी झाली. १९४८ सालीं काश्मीरांत ब्रिगेडियर उस्मान यांच्या हाताखालीं झांगर परत घेण्यांत ती होती, आणि १९५२ पासून ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण म्हणून ओळखली जाऊं लागली.

या पलटणीचा भाग्यदिन ११ डिसेंबर १९७१. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखालीं ती त्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं पूर्व बंगालांत टांगाईलजवळ उतरली. मैमनसिंगकडून डाक्क्याकडे परतणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविण्यासाठीं लोहजंग नदीवरील पुंगलीचा पूल घ्यावयाचा होता. आसपासच्या खेडुतांनीं शेतांत विखुरलेलें सामान डोक्यावरून वाहून आणलें. रात्र पडण्याच्या सुमारास पूल हातीं आला, आणि रात्रभर माघार घेणाऱ्या शत्रूनें केलेले हल्ले मोडून काढण्यांत आले. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं उत्तरेकडून जमालपूर जिंकून जी पलटण येऊन मिळाली, ती पहिली मराठा लाइट इन्फंट्री. मराठ्यांना मराठेच भेटले. १६ डिसेंबरला हीच छत्रीधारी पलटण डाक्क्यांत शिरणारी पहिली ठरली.

पुंगलीचें नांव पलटणीच्या रणसन्मानांत कोरलें गेलें, आणि तें योग्यच झालें. परंतु दोन्ही लढाया शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. टांगाईलला आकाशांतून उतरलेलें सामान सोबत्यांच्या हातीं पडलें, संगशाकला तें शत्रूच्या हातीं पडलें. या फरकांत शिपायांच्या शौर्याचा भाग थोडा आणि दैवाचा व वरिष्ठांच्या तयारीचा भाग मोठा होता. विजयाची तारीख साजरी करणें सोपें असतें. पराभव समजल्या गेलेल्या लढाईंतील मृतांचीं नांवें घेणें हें वांचलेल्यांवरचें खरें ऋण.

ब्रह्मदेशांत तौक्यान येथील रंगून स्मारकाच्या खांबांवर सुमारे २७,००० नांवें आहेत; त्या मोहिमांत पडलेल्या व ज्यांच्या देहांचा ठाव लागला नाहीं अशांचीं. त्यांत मराठी आडनांवें पुष्कळ आहेत. त्यांच्या घरीं तार गेली असेल, कदाचित् पदक पोंचलें असेल, मग गांव आपल्या कामाला लागलें असेल. संगशाकचे साक्षीदार आतां जवळजवळ उरले नाहींत. टांगाईलला उतरलेल्यांनींही सत्तरी ओलांडली आहे. ज्यांनीं एकमेकांच्या पाठीवरील दोरी पाहिली, ते असेपर्यंत ही आठवण त्यांची आहे. ते गेल्यावर ती पाहण्याचें काम ज्यांच्याकडे येतें, ते आपण, मागें राहिलेले लोक होत.